आधी काम सांगा

डॉ. बाळकृष्ण वाळंज सरांची आणि माझी पहिली ओळख पाठीकडून झाली. मणक्याच्या सर्जनच्या बाबतीत हे शोभून दिसतं, पण त्या दिवशी मला तसं वाटलं नव्हतं. पौडहून मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं रुग्णालय आहे. तिथे मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. ओपीडीचं दार उघडंच होतं. आत एक धिप्पाड गृहस्थ कमरेत वाकून, हातात केरसुणीच्या काड्या धरून, उलट्या पावलांनी दाराकडे सरकत येत होते. खुर्चीत बसलेली एक म्हातारी त्यांच्यावर ओरडत होती, "आरं गुडघं कशाला वाकिवतोस? कमरंतनं वाक, कमरंतनं!" मी "डॉक्टर कुठे आहेत?" असं विचारेपर्यंत त्या गृहस्थांची पाठ माझ्यावर येऊन आदळली.

"लावणीत मागच्यानं बाजूला व्हायचं असतं, बाई," ते न वळताच म्हणाले. "लावणाऱ्याला मागचं दिसत नाही."

म्हातारीला कंबरदुखीमुळे भातलावणी करता येत नव्हती, आणि नेमकं कुठल्या वाकण्यात दुखतं हे कळावं म्हणून सर तिच्याकडून लावणीचा धडा घेत होते. मुळशीच्याच मातीतले असूनही त्यांनी तो मुकाट्याने घेतला. नंतर हात धुऊन त्यांनी माझी मुलाखत घेतली. ती अगदी छोटी होती. "इथे येऊन काय काम करायचंय?" मी म्हटलं, "शिकायचंय." "शिकणं हे काम नाही. काम सांगा." मी म्हटलं, "मणक्याची ऑपरेशनं करायची आहेत." हाडांच्या सर्जरीत बाई आली की समोरचा माणूस आधी तिच्या दंडाकडे बघतो, हा माझा तोवरचा अनुभव होता. सरांनी घड्याळाकडे बघितलं. "उद्या सकाळी या. वेळेवर या."

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा "जरा भावपूर्ण लिहा" अशी सूचनाही सोबत आली. ती माझ्याच्याने पाळली जाईलसं वाटत नाही. सरांच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर माणूस भावपूर्ण उरत नाही, वेळेवर येणारा होतो. तेव्हा जे पाहिलं ते क्रमाने सांगते. ज्यांच्या हकिकती लिहिल्या आहेत त्यांची परवानगी घेतली आहे. सरांचीही घेतली. ते म्हणाले, "लिही, पण माझा एमआरआय छापू नकोस. त्यात मी चांगला आलेलो नाही."

या ग्रंथाच्या वाचकांत सरांचे पेशंट पुष्कळ असतील, त्यांना हे नव्याने सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कमरेच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. वय, वजन, ओझी, बैठक, यांनी ती हळूहळू सुकते आणि दबते. घरातली कापसाची गादी वर्षानुवर्षं न पिंजता वापरली की मध्ये बसते ना, तशीच. बहुतेकांची गादी थोडीफार बसलेली असते आणि त्यांचं काही अडत नाही. काहींचं दुखतं. त्यांतले बरेचसे व्यायामाने, औषधाने आणि धीराने बरे होतात. उरतात थोडे. ऑपरेशन असतं ते त्या थोड्यांसाठी. नसेवर आलेला दाब काढायचा, किंवा फार झालं तर दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी सांधून टाकायचे. शस्त्रक्रिया ही एवढीच. ती कुणाची करायची नाही हे ओळखणं अवघड, आणि सरांचं नाव झालं ते त्याबद्दल.

त्यांची रीत अशी. पेशंट येतो, कंबर धरून सांगतो, "लई दुखतंय, साहेब." सर म्हणतात, "ते दिसतंय. काम सांगा." म्हणजे, दुखतंय म्हणून कुठलं काम अडलंय ते सांगा. नुसतं 'दुखणं जाऊ दे' हे उत्तर चालत नाही. म्हैस धुता येत नाही, मशिदीत वाकता येत नाही, नातवाला उचलता येत नाही, असं काहीतरी डोळ्यांसमोर उभं राहणारं काम लागतं. मग ते काम तिथेच करून दाखवायचं. आमच्या ओपीडीत त्यासाठी एक पोकळ मोळी, एक रिकामा हंडा आणि एक चटई कायमची ठेवलेली आहे. नवीन माणसाला ते नाटकाचं सामान वाटतं. एवढं झाल्यावर सर सांगतात की ऑपरेशन केलं तर हे काम परत करता येईल की नाही. येणार नसेल तर "मग कापायचं कशाला?" असं म्हणून केसपेपर परत करतात.

हिंजवडीचा एक मुलगा मोबाइलमध्ये एमआरआय घेऊन आला होता. "सर, एल-फोर एल-फाइव्हला बल्ज आहे, मला सर्जरी करून टाकायचीये." सर म्हणाले, "काम सांगा." मुलगा जरा घुटमळला. "ॲक्चुअली सर, कंपनीने रोज ऑफिसला यायला सांगितलंय." सर शांतपणे म्हणाले, "त्याच्यावर ऑपरेशन नाही, बाळा." मुलगा हसला, व्यायाम शिकून गेला, आणि पुढे त्याने आपल्या साहेबालाच आमच्याकडे पाठवलं.

ही रीत सरांना कुणी शिकवली नाही. ती एका चुकीतून आली. ती चूक ते दर नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात स्वतः सांगतात, म्हणून मीही लिहिते.

चांगुणाबाई धरणाच्या पाण्यावरच्या कातकरी वस्तीत राहतात. ओढ्यात दगडाखाली हात घालून खेकडे धरायचे आणि पौडच्या बाजारात विकायचे, हे त्यांचं काम. सर तेव्हा परदेशातून नवं तंत्र शिकून आले होते आणि हात शिवशिवत होते, हा त्यांचाच शब्द. चांगुणाबाईंच्या कमरेच्या खालच्या गाद्या पार गेल्या होत्या. सरांनी ते मणके एकमेकांना सांधून टाकले. ऑपरेशन नामी झालं. त्यांचा एक्स-रे सर परिषदांमधून दाखवायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. पुढे एकदा चांगुणाबाई तपासायला आल्या. सरांनी विचारलं, "आता दुखतं का?"

"न्हाई."

"मग झालं तर!"

"काय झालं? कंबर फळीवानी झाली. दगडाखाली हात जाईना. खेकडं धराया येत न्हाईत आता."

त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "आदी इचारलं आसतं तं सांगितलं आसतं." त्यानंतर तो एक्स-रे सरांनी कुठेच दाखवला नाही. आता चांगुणाबाईंची सून खेकडे धरते आणि त्या काठावर बसून 'ह्या दगडाखाली बघ, त्या दगडाखाली बघ' म्हणून हुकूम सोडतात. त्या अधूनमधून येतात, सरांना आपल्या नव्या दुखण्यांची यादी ऐकवतात आणि दरवेळी म्हणतात, "या येकदा वस्तीवर. खेकड्याचं कालवण खायाला." सर दरवेळी "येतो, येतो" म्हणत. गेले मात्र कधीच नाहीत. कामच इतकं असायचं. निदान सांगताना ते तसं सांगत.

'गॅप' या शब्दाला आमच्या रुग्णालयात बंदी आहे, तीही अशाच एका प्रकारातून. आपल्याकडे कंबर दुखली की लोक म्हणतात, "मणक्यात गॅप पडलाय." जणू मणके एकमेकांपासून फाकले आहेत. प्रत्यक्षात उलटं असतं. गादी दबते म्हणून मधली जागा कमी होते. नांदे गावचे ज्ञानोबा नव्या इमारतींवर सिमेंटच्या गोणी चढवायचं काम करत. त्यांनी कुठूनतरी एक्स-रे काढला, आणि तिथल्या कुणीतरी तो बघून खरं तेच सांगितलं, "तुमचा गॅप कमी झालाय." ज्ञानोबांनी गावात पेढे वाटले! गॅप कमी झाला म्हणजे दुखणं भरत आलं, असा त्यांनी सरळ हिशेब केला आणि पुन्हा गोणी उचलायला लागले. पुढे एका सकाळी पाय उचलेना आणि लघवी अडली, तेव्हा त्यांना टेम्पोत घालून आमच्याकडे आणलं. टेम्पोतून उतरवताना ते म्हणत होते, "आवो, पर ग्याप तर भरला व्हता की!"

त्या दिवशी सरांनी काम विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं नसतं, थेट टेबलावर घ्यायचं असतं, हेही मी त्याच दिवशी शिकले. गादीचा फुटून बाहेर आलेला तुकडा काढला, नसा मोकळ्या झाल्या. ज्ञानोबा आज चालतात, फक्त डावी चप्पल जरा घासत जाते. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना बोलावलं. आम्हाला वाटलं, त्या एक्स-रेवाल्याचा उद्धार होणार. सर म्हणाले, "त्याचं काही चुकलं नाही. शब्द चुकला. आजपासून इथे 'गॅप' म्हणायचं नाही. 'गादी बसली' म्हणायचं. बसलेली गादी पाहून कुणी पेढे वाटत नाही."

सरांचा आणखी एक नियम बाहेरच्यांना गमतीचा वाटतो. पेशंटसमोर ते आम्हा सगळ्यांना, अगदी काल रुजू झालेल्या मुलालासुद्धा, 'डॉक्टर' आणि 'तुम्ही' म्हणतात. ओपीडीचं दार लागलं की 'तू', आणि रागात असले तर त्याच्या पुढचंही काहीबाही. कारण विचारलं तर म्हणत, "उद्या त्या माणसाची पाठ तुझ्या हातात द्यायची आहे मला. मीच तुला अरेतुरे केलं तर तो देईल का?"

त्यांच्या मायेबद्दल लिहायला हवं. सरांना ते आवडणार नाही. मला दिवस होते तेव्हाची गोष्ट. स्क्रू घालण्याच्या ऑपरेशनात अंगावर शिशाचा जड एप्रन चढवून सतत एक्स-रेचं यंत्र चालू ठेवावं लागतं. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, फक्त सरांना सांगितलं होतं. ते "हं" म्हणाले. अभिनंदन नाही, काही नाही. मी मनात थोडी खट्टूच झाले. दुसऱ्या दिवसापासून यंत्राची सगळी ऑपरेशनं सरांनी स्वतःकडे घेतली आणि सहकाऱ्यांना सांगितलं, "माझा हात बिघडत चाललाय, मला सराव पाहिजे." मी बाळंतपणाच्या रजेवर जाईपर्यंत त्यांचा सराव चालू होता. मी माघारी आले त्या आठवड्यात त्यांचा हात अचानक बरा झाला आणि यंत्र परत माझ्या गळ्यात पडलं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

गेल्या वर्षी सर वॉर्डात राउंडला निघाले की ड्रेसिंगची ट्रॉली स्वतः ढकलायला लागले. सिस्टर म्हणायच्या, "द्या सर, मी घेते." सर द्यायचे नाहीत. रुग्णालयात त्याचं मोठं कौतुक झालं. इतका मोठा माणूस, बघा, ट्रॉली स्वतः ढकलतो! या ग्रंथातही दोन-तीन लेखांत त्या ट्रॉलीचा उल्लेख नम्रतेचं उदाहरण म्हणून आला असेल, अशी मला शंका आहे. तो वाचताना पुढचं लक्षात ठेवावं.

मी त्यांना मागून बघत होते. ट्रॉलीच्या दांडीवर ते जरा जास्तच झुकत. ट्रॉलीशिवाय कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाताना मध्ये थांबत, आणि थांबण्याला काहीतरी निमित्त काढत. नोटीसबोर्ड वाच, फिकसच्या कुंडीला पाणी घातलं का विचार. कमरेतली नसांची वाट अरुंद झाली की ताठ चालताना पाय भरून येतात आणि पुढे झुकलं की वाट जरा मोकळी होते, आराम पडतो. सायकल चालवता येते, पण चालता येत नाही, असे पेशंट आम्ही रोज बघतो. हे सगळं मला सरांनीच शिकवलं आहे. मला त्यांच्या नम्रतेबद्दल आदर होताच, पण त्या दिवसापासून मी त्यांची पावलं मोजायला लागले.

मी विचारलं नाही. सरांना विचारणं म्हणजे आ बैल मुझे मार. काही आठवड्यांनी माझ्या ओपीडीच्या दिवशी रज्जाकभाई, म्हणजे आमचे केसपेपर काढणारे पौडचे मुलाणी, विचित्र चेहऱ्याने आत आले. "म्याडम, सर रांगेत बसल्यात. मी म्हनलं, सर, आत जावा की. तर म्हनले, पैला केसपेपर काढ." सर रांगेतून, आपला नंबर आल्यावर, हातात केसपेपर घेऊन आत आले आणि पेशंटच्या स्टुलावर बसले. दार उघडं होतं, बाहेर माणसं होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "माझे पाय भरून येतात. तुम्ही बघा."

त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं. ते नियमाला धरूनच होतं. तरी मला उठून उभं राहावंसं वाटलं. मी बसूनच राहिले, कारण उभं राहिलं असतं तर सरांनी मला तिथल्या तिथे झापलं असतं.

एमआरआय आधीच काढून आणला होता. खालच्या गाद्या बसलेल्या, एक मणका किंचित पुढे घसरलेला, नसांची वाट चिंचोळी. व्यायाम, औषध, इंजेक्शन, सगळं त्यांनी गुपचूप करून झालं होतं. ऑपरेशन योग्यच होतं. एकच प्रश्न उरला होता आणि तो विचारायला माझी जीभ रेटेना. शेवटी विचारला.

"सर, काम सांगा."

त्यांना ते अपेक्षित होतं. "ऑपरेशनं करायची आहेत. पूर्वीसारखी. टेबलाशी उभं राहून."

मी पुन्हा एमआरआय बघितला. तो बदलला नव्हता. मी म्हटलं, "सर, नसांवरचा दाब काढते. चालणं परत येईल, बहुतेक चांगलं येईल. पण शिशाचा एप्रन अंगावर घालून तासन् तास वाकून उभं राहणं, ते होणार नाही. मी कबूल करणार नाही."

"मग स्क्रू टाका."

"टाकले तर पाठ ताठ होईल आणि ताण वरच्या गाद्यांवर जाईल. पुन्हा दोन-चार वर्षांनी तुम्ही इथेच याल. हे तुमचंच वाक्य आहे, सर."

"वाक्यं मला ऐकवू नका. माझी तयारी आहे."

"माझी नाही. दुसरं काम असेल तर सांगा."

सर उठले. केसपेपर त्यांनी माझ्या टेबलावरून उचलला, नीट घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर गेले. मला त्यांचा राग आला होता, हे सरळ लिहिते. ज्या माणसाने मला 'नाही' म्हणायला शिकवलं त्याने माझ्या 'नाही'वर रुसावं? आणि रागाच्या आत भीती होती. त्यांना दुसरं कामच नव्हतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते रुग्णालयात येऊन बसत. टेबलाशी उभं राहणं गेलं तर या माणसाकडे उरणार काय, हा प्रश्न मी त्यांना विचारला होता, तोही ओपीडीचं दार उघडं ठेवून.

ते बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत. ट्रॉली चालूच होती. रज्जाकभाई मला म्हणाले, "म्याडम, तुमी हो म्हना की. मोठ्या मानसाला कशाला नडताय?" मी म्हटलं, "रज्जाकभाई, तुमच्या वडिलांच्या कमरेला सर नाही म्हणाले होते, तेव्हा तुम्ही काय केलं होतंत?" ते म्हणाले, "लई शिव्या दिल्या व्हत्या." मग केसपेपर सारखे करत, "आब्बा अजून चालत्यात म्हना."

पावसाळ्याच्या तोंडाशी चांगुणाबाई तपासायला आल्या. सरांच्या ओपीडीत बराच वेळ होत्या. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. जाताना त्यांनी माझ्या दारातून आत डोकावलं आणि नेहमीचं आमंत्रण मलाही दिलं. पुढल्या आठवड्यात सर परत रांगेत बसले. तोच केसपेपर, घडीवर जरा मळलेला.

"काम सांगा," मी म्हटलं.

"चांगुणाच्या वस्तीवर चढून जायचंय," सर म्हणाले. "गाडी खालपर्यंतच जाते. पुढे चढ आहे. मला दहा पावलांवर थांबावं लागतं."

"आणि?"

"आणि काही नाही. एवढंच. होईल?"

"होईल," मी म्हटलं.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते चांगल्या ऑपरेशनासारखं कंटाळवाणं झालं. भूल देण्याआधी सरांनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "डॉक्टर, वेळेवर सुरू करा." नसांवरचा जाड झालेला पडदा काढला, वाढलेलं हाड थोडं कोरलं, नसा मोकळ्या दिसल्या. स्क्रू नाही, सळी नाही. टाके घातले आणि बाहेर येऊन चहा प्यायले. पेशंट म्हणून सर अत्यंत वाईट निघाले. फिजिओथेरपीच्या मुलीला त्यांनी रोज तपासलं, तिने शिकवलेल्या व्यायामात चुका काढल्या, आणि ती रडकुंडीला आली तेव्हा तिला पेरू दिला.

पाऊस उघडला, खाचरातलं भात पिवळं पडायला लागलं, तेव्हा आम्ही वस्तीवर गेलो. सर, मी, आणि गाडी चालवायला रज्जाकभाई, ते खालीच थांबले. चढाची पायवाट फार मोठी नाही, पण उभी आहे. सर काठी घेऊन चढले. मध्ये दोन-तीनदा बसले, तेही दम लागला म्हणून. पाय भरून आले म्हणून एकदाही बसले नाहीत. मी मागून चालत होते आणि पुन्हा त्यांची पाठच बघत होते. या खेपेला ती सरळ होती.

वस्तीत पोचलो तेव्हा चांगुणाबाई दाराशी उन्हात बसल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात धरून बघितलं. इतक्या वर्षांचं आमंत्रण खरंच चढून आलंय यावर त्यांचा विश्वास बसेना. आणि कुणीही दारात आलं की आपण जे विचारतो तेच त्यांनी विचारलं,

"आवो डाक्टर! काय काम काढलंत?"

आयुष्यभर सगळ्यांना काम विचारणारे सर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. घाम पुसला.

"काम काय बी न्हाई," ते म्हणाले. "जेवाया आलोय."

"मंग बसा की."

सर खाली घोंगडीवर बसले. सुनेने भात आणि कालवण वाढलं. तिखटाने सरांचं नाक वाहायला लागलं, तरी ते थांबेनात. चांगुणाबाई त्यांच्या पाठीकडे बघत होत्या. "तुमच्या बी कमरंत सळ्या टाकल्या का?"

"न्हाई टाकल्या."

"का वं?"

सरांनी माझ्याकडे मानेने खूण केली. "हिनं आदी इचारलं."

चांगुणाबाईंनी पातेल्यातला सगळ्यात मोठा खेकडा काढून सरांच्या ताटात ठेवला. सरांनी मान वर केली नाही. बराच वेळ तो फोडत बसले. चांगुणाबाई त्यांच्या पेशंट, आणि पेशंटसमोर सरांनी मला एकेरीत संबोधलं ते एवढ्या वर्षांत एकदाच. ती माझी बढती होती असं मी समजते.

सर आता टेबलाशी उभे राहत नाहीत. आठवड्यातून एकदा ओपीडीत मोळीशेजारी बसतात, नव्या मुलांना छळतात, आणि बाकीचे दिवस कुठे असतात ते रज्जाकभाईंनाही माहीत नसतं. ड्रेसिंगची ट्रॉली सिस्टरांकडे परत गेली आहे. परवा फोनवर मी त्यांना विचारलं, "काय करताय, सर?" तर म्हणाले, "काही नाही," आणि हे त्यांनी अगदी कुरकुर न करता सांगितलं.

सरांच्या पंचाहत्तरीला त्यांचे पेशंट, विद्यार्थी आणि मुळशी खोऱ्यातली सगळी दुखरी-न दुखरी माणसं शुभेच्छा देतील, त्यांत माझीही एक धरावी. सरांनी शंभरी गाठावी, आपल्या पायांनी चालत गाठावी, आणि पुढच्या सगळ्या वाटेत कुणी "काय काम काढलंत?" असं विचारलं, तर "काही नाही, जेवायला आलोय" एवढंच सांगता येईल अशी पुष्कळ बिनकामाची वर्षं त्यांना मिळावीत.